नवी हार्ड डिस्क संगणकात दिसत नाही? बसवण्यापासून फॉरमॅटपर्यंत एकेक पायरी

नवी हार्ड डिस्क आणली, कॅबिनेट उघडून बसवली, संगणक सुरू केला, 'धिस पीसी' उघडलं आणि बघते तर तिथं जुनेच सी आणि डी. नव्या डिस्कचा पत्ताच नाही. माझी पहिली डिस्क मी त्याच दिवशी काढली, पिशवीत घातली आणि भर पावसात कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दुकानात परत घेऊन गेले. दुकानातल्या दादांनी ती त्यांच्या टेबलावरच्या संगणकाला जोडली, चार-पाच वेळा क्लिक केलं आणि दोन मिनिटांत माझ्या हातात दिली. "ताई, डिस्क चांगली हाय. नुसती फॉरमॅट करायची ऱ्हायलीय."

तुमचा तो हेलपाटा वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

कोऱ्या डिस्कवर विंडोजला ओळखता येईल अशी कोणतीच खूण नसते. जागा विकत घेतली म्हणून लगेच राहायला जाता येत नाही. आधी सातबाऱ्यावर नोंद, मग हद्द, मग बांधकाम. डिस्कचंही तसंच आहे. 'इनिशियलाइझ' म्हणजे नोंद, 'पार्टिशन' म्हणजे हद्द, आणि 'फॉरमॅट' म्हणजे त्या हद्दीत फाइली कुठं ठेवल्या याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था. तिन्ही कामं विंडोजमध्येच होतात, वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही, आणि पूर्ण फॉरमॅटला लागणारे तास सोडले तर सगळं मिळून दहा मिनिटांचं काम आहे. त्या दहा मिनिटांत एक चूक मात्र कधीही करायची नाही. ती कोणती, ते पाचव्या पायरीत सांगितलं आहे. घाई असली तरी ती पायरी वगळू नका.

जवळ काय काय हवं

- डिस्क आणि तिचं पक्कं बिल, शक्यतो डिस्कचा सिरियल नंबर लिहिलेलं
- साटा केबल, म्हणजे डिस्क मदरबोर्डला (संगणकाच्या मुख्य पट्टीला) जोडणारी वायर (डेस्कटॉपची डिस्क बऱ्याचदा नुसत्या चंदेरी पिशवीत येते, केबल आणि स्क्रू वेगळे मागून घ्यावे लागतात)
- फुलीचा स्क्रूड्रायव्हर
- एसएमपीएसची, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याची, एक मोकळी पॉवर पिन. कॅबिनेट उघडून आधीच बघून ठेवा
- चालू स्थितीतला यूपीएस, किंवा लॅपटॉप असेल तर पूर्ण चार्ज
- कागद, पेन आणि कायमचा मार्कर

बाहेरून यूएसबीला जोडायची डिस्क असेल तर केबल, स्क्रू, पिन हे सगळं सोडून द्या. कागद-पेन आणि मार्कर मात्र तेव्हाही हवेत.

१. घेतानाच बघायच्या गोष्टी

डेस्कटॉपला साडेतीन इंची साटा डिस्क लागते, जुन्या लॅपटॉपला अडीच इंची, आणि अलीकडच्या मशीनना च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम डॉट टू एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क). एम डॉट टू घेताना फक्त आकार बघू नका. त्यात साटा आणि एनव्हीएमई असे जोडणीचे दोन प्रकार येतात आणि मदरबोर्डच्या प्रत्येक खाचेत दोन्ही चालतीलच असं नाही. मदरबोर्डचं मॉडेल कागदावर लिहून दुकानात न्या. काही बोर्डांवर एम डॉट टू लावली की एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो. एनव्हीएमई लावल्यावर जुनी डिस्क अचानक दिसेनाशी झाली तर घाबरू नका, तिची केबल दुसऱ्या पोर्टला लावून बघा.

डिस्कवरचा सिरियल नंबर दुकानातच मोबाइलवर कंपनीच्या संकेतस्थळावर टाका. वॉरंटी किती शिल्लक आहे ते लगेच कळतं. नव्या म्हणून विकलेल्या डिस्कची निम्मी वॉरंटी आधीच संपलेली निघाली, तर ती तिथंच परत करता येते. घरी आल्यावर वाद घालत बसावं लागतं.

दोन-तीन हजारांत १६ टीबी असं लिहिलेली छोटी बाहेरची डिस्क घेऊ नका. अशा डबीत बहुधा एक साधं मेमरी कार्ड असतं आणि ते संगणकाला आपला आकार खोटा सांगत असतं. सुरुवातीला सगळं व्यवस्थित कॉपी झालेलं दिसतं. खरी जागा संपली की पुढच्या फाइली नुसत्या नावाला उरतात, उघडल्या तर आत काही नसतं. आधीच घेतली असेल तर 'एचटूटेस्टडब्ल्यू' हे मोफत साधन आहे. ते सगळी जागा भरून लिहितं आणि परत वाचून बघतं. एवढ्यात खरं-खोटं कळतं.

२. नवी डिस्क जोडण्याआधी जुन्यांची ओळखपरेड

हे पाच मिनिटांचं काम जवळजवळ कुणीच करत नाही. नवी डिस्क अजून पिशवीतच असू दे. संगणक सुरू करा, स्टार्ट बटणावर उजवं क्लिक करा आणि 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. खालच्या बाजूला 'डिस्क ०', 'डिस्क १' अशा आडव्या पट्ट्या दिसतील. प्रत्येकीचा आकार, तिच्यावरची अक्षरं आणि नाव कागदावर उतरवून घ्या.

मग जुन्या डिस्कना नावं द्या. 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्हवर उजवं क्लिक करून 'रिनेम' केलं की झालं, आतल्या फाइलींना काही होत नाही. 'न्यू व्हॉल्यूम' किंवा 'लोकल डिस्क' अशी नावं ठेवू नका. घरचे फोटो, दुकानाचा हिशेब, आत जे असेल ते नाव द्या. ड्राइव्ह एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर नाव ३२ अक्षरांपर्यंत चालतं आणि देवनागरीतही लिहिता येतं. फक्त काना-मात्राही स्वतंत्र अक्षर म्हणून मोजली जाते हे लक्षात ठेवा.

३. बसवणं

संगणक बंद करा, मागची वायर काढा आणि पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला स्पर्श करा. डिस्क कडेनं धरा, खालच्या हिरव्या पट्टीला बोटं लावू नका.

साटाच्या दोन्ही पिना इंग्रजी एल अक्षरासारख्या असतात, उलट्या बसत नाहीत. जोर लावावा लागत असेल तर दिशा चुकली आहे. ते प्लॅस्टिक तुटलं की डिस्कच गेली. डिस्क दोन्ही बाजूंनी स्क्रू लावून घट्ट बसवा, कारण आतली तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे फिरते आणि सैल डिस्क थरथरते. एम डॉट टू असेल तर तिरकी आत सरकवा, मग खाली दाबून छोटा स्क्रू लावा. तो स्क्रू बऱ्याचदा मदरबोर्डच्या खोक्यात असतो आणि खोकं केव्हाच रद्दीत गेलेलं असतं. म्हणून दुकानातूनच एक मागून आणा.

आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये वीज कधी डोळा मारेल सांगता येत नाही. यूपीएस नसेल तर पुढचं काम आभाळ मोकळं असेल त्या दिवशी करा.

४. नोंद करणं, म्हणजे इनिशियलाइझ

संगणक सुरू करून परत 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. बहुधा लगेच एक खिडकी येते: 'इनिशियलाइझ डिस्क'. आली नाही तर खाली नव्या डिस्कच्या डाव्या बाजूच्या करड्या चौकोनावर उजवं क्लिक करा. तिथं 'ऑफलाइन' लिहिलं असेल तर आधी 'ऑनलाइन' करा.

डिस्क इथंही दिसत नसेल तर प्रश्न फॉरमॅटचा नाही. संगणक बंद करून केबल दोन्ही टोकांना नीट दाबा, दुसरा पोर्ट वापरून बघा, पॉवरची पिन बदलून बघा. एवढं करूनही दिसली नाही तरच दुकान गाठा.

खिडकीत नोंद ठेवायच्या पद्धतीचे दोन पर्याय असतात, एमबीआर आणि जीपीटी. जीपीटी निवडा. एमबीआरला २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही, ४ टीबीची डिस्क घेतली तरी निम्मी वाया जाते. जुन्या संगणकाला जीपीटी चालत नाही असं काही जण सांगतात. ते विंडोज त्याच डिस्कवर टाकायचं असेल तेव्हाच लागू होतं. नुसत्या फाइली ठेवायला विंडोज ७ पासून जीपीटी व्यवस्थित चालते.

इथं एक सापळा आहे. ही खिडकी कधी कधी जुन्या, भरलेल्या डिस्कसाठीही येते. डिस्कवरची नोंद बिघडली असेल तर विंडोजला ती कोरीच वाटते. तशीच गोष्ट पेन ड्राइव्ह लावल्यावर येणाऱ्या 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' या सूचनेची. मॅक किंवा लिनक्सवर वापरलेली डिस्क लावली तरी ती येते. आत काही ठेवलेलं आठवत असेल तर दोन्ही वेळा 'कॅन्सल' करा. माहिती बहुधा आतच असते, विंडोजला फक्त वाचता येत नसते.

५. थांबा आणि डिस्क ओळखा

आमचं घर शुक्रवार पेठेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा घरात आली तेव्हा कॅबिनेट खालीच होतं. फोटो वाचले ते केवळ एक बाहेरची डिस्क माळ्यावर होती म्हणून. त्यानंतर मी पेठेतल्या एका तालमीचे जुने फोटो स्कॅन करायला घेतले. त्यातल्या पैलवानांना ओळखणारे तात्या रोज संध्याकाळी येऊन बसायचे, एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघायचे आणि सांगायचे: हे खासबागेतलं मैदान, डावीकडचा अमुक, त्याचं गाव तमुक, ही कुस्ती बरोबरीत सुटली. मी ते सगळं फाइलीच्या नावात लिहायची. संगणकातली जागा भरली म्हणून ते फोल्डर मी 'कट' करून बाहेरच्या डिस्कवर टाकलं. कॉपी नाही, कट.

मग दुसरी बाहेरची डिस्क आणली. त्याच कंपनीची, तेवढीच १ टीबीची. दोन्ही एकाच वेळी जोडल्या. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये एक 'डिस्क १', एक 'डिस्क २', दोन्हींचा आकार ९३१ जीबी, दोन्हींचं नाव 'न्यू व्हॉल्यूम'. नवी नंतर जोडली म्हणजे नंबर मोठा असणार असं मी धरून चालले. फॉरमॅट दाबलं, इशारा आला, सवयीनं 'ओके' दाबलं. दहा सेकंदांत काम झालं. 'धिस पीसी' उघडलं तेव्हा तालमीची डिस्क रिकामी होती.

'फोटोरेक' या मोफत साधनानं बहुतेक फोटो परत आले, कारण जलद फॉरमॅटमध्ये फक्त हिशेबाची वही कोरी होते, आतला माल लगेच पुसला जात नाही. पण फोटोरेक फाइलींची नावं परत आणत नाही. एफ अक्षर आणि पुढे आकडे, असे शेकडो फोटो. पैलवान सगळे आहेत, कोण कुठला ते सांगणारे तात्या तोपर्यंत गेले होते.

म्हणून आता फॉरमॅटचं बटण दाबण्याआधी मी चार गोष्टी करते आणि तुम्हीही करा.

बाकीच्या सगळ्या यूएसबी डिस्क आणि पेन ड्राइव्ह काढून ठेवा. कॅबिनेटमध्ये दुसरी डिस्क असेल आणि तिच्यात मोलाचं काही असेल तर संगणक बंद करून तिचीही केबल काढा. जी जोडलेलीच नाही ती चुकून पुसली जात नाही.

डिस्कच्या नंबरावर विश्वास ठेवू नका. शून्य, एक, दोन हे क्रमांक संगणक पुन्हा सुरू केल्यावर किंवा पोर्ट बदलल्यावर बदलू शकतात.

रंग बघा. कोऱ्या डिस्कवर काळी पट्टी आणि 'अनअलोकेटेड' हा शब्द असतो. निळी पट्टी म्हणजे तिथं आधीच काहीतरी आहे.

आणि दुसऱ्या पायरीतला कागद समोर धरून आकार आणि नाव मोठ्यानं वाचा.

६. हद्द आणि फॉरमॅट

काळ्या पट्टीवर उजवं क्लिक, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम'. मग 'नेक्स्ट'. आकार आहे तोच राहू द्या. आपल्याकडं डिस्कचे सी, डी, ई, एफ असे तुकडे पाडायची जुनी सवय आहे आणि दुकानातही न विचारता तसंच करून देतात. फाइली ठेवायच्या डिस्कवर मला त्याचा उपयोग दिसत नाही. डिस्क बिघडली तर चारही तुकडे एकदमच जातात. वर एक भरलेला आणि दुसरा रिकामा, हा त्रास वेगळाच. एकच ठेवा, आत फोल्डर करा.

पुढं अक्षर विचारतील, कोणतंही घ्या. मग फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलींचा हिशेब ठेवायची पद्धत. संगणकाच्या आत राहणारी, फक्त विंडोजवर वापरायची डिस्क असेल तर एनटीएफएस. बाहेरची असेल आणि मॅकलाही लावायची असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएसवरच्या फाइली वाचतो, पण त्यावर लिहू देत नाही. एक्सफॅटवर नाव ११ अक्षरांतच बसवावं लागतं, आणि काढताना 'सेफली रिमूव्ह' केलंच पाहिजे. मध्येच उपटली तर एनटीएफएसपेक्षा ती लवकर बिघडते. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. लग्नाचं शूटिंग कॉपी करताना 'फाइल फार मोठी आहे' असं येतं ते याच कारणानं, डिस्क भरली म्हणून नव्हे. टीव्हीला लावायची असेल तर टीव्हीच्या पुस्तिकेत कोणत्या पद्धती चालतात ते बघून ठरवा.

'अलोकेशन युनिट साइझ' डिफॉल्टच असू द्या. 'व्हॉल्यूम लेबल'मध्ये नीट नाव लिहा. नंतर लिहू म्हणून 'न्यू व्हॉल्यूम' तसंच सोडू नका.

शेवटी 'क्विक फॉरमॅट'ची खूण. एसएसडी असेल तर राहू द्या. फिरत्या तबकडीची डिस्क असेल तर पहिल्यांदा ती खूण काढा आणि पूर्ण फॉरमॅट करा. त्यात विंडोज डिस्कचा कोपरा न् कोपरा लिहून तपासतं, खराब जागा असेल तर पहिल्याच दिवशी कळते, वॉरंटी आणि बिल दोन्ही ताजं असताना. वेळ लागतो. सेकंदाला १५० एमबीच्या वेगानं १ टीबीला दोन तासांच्या आसपास, ४ टीबीला आठ. रात्री लावून झोपा, पण 'स्लीप' बंद करून, आणि वीज जाणार नाही अशा रात्री.

७. तपासणी

पट्टी निळी झाली आणि 'हेल्दी' असं आलं की फॉरमॅट झालं. १ टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबी आणि २ टीबीवर १.८१ टीबीच दिसतात. कुणी फसवलेलं नाही. कंपनी १ टीबी म्हणजे एक हजार अब्ज बाइट असं दशमानात मोजते, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजतं.

मग 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत साधन टाकून बघा. त्यात 'पॉवर ऑन अवर्स' म्हणजे डिस्क आजवर किती तास चालली तो आकडा असतो. नव्या डिस्कवर तो अगदी थोडा असायला हवा, म्हणजे तुम्ही वापरलेत तेवढेच तास. हजारांत असेल तर डिस्क जुनी आहे. 'रिअलोकेटेड सेक्टर्स' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' यांच्यासमोर 'रॉ व्हॅल्यूज'च्या रकान्यात शून्यच पाहिजे. नव्या डिस्कवर तिथं काहीही आकडा दिसला तर फोटो काढून त्याच दिवशी दुकानात जा, 'चालवून बघतो' म्हणत थांबू नका.

८. नव्या डिस्कवर विंडोजच टाकायचं असेल तर

वरचं काही करायची गरज नाही. इन्स्टॉल करताना जिथं 'अनअलोकेटेड स्पेस' दिसते ती निवडून 'नेक्स्ट' केलं की विंडोज स्वतःच सगळं करून घेतं. मात्र त्या वेळी बाकीच्या सगळ्या डिस्कच्या केबल काढलेल्या असायलाच हव्यात. नाहीतर विंडोज नव्या डिस्कवर जातं, पण संगणक सुरू करणारा भाग कधी कधी जुन्या डिस्कवर जाऊन बसतो. मग सहा महिन्यांनी जुनी डिस्क काढली की संगणक सुरूच होत नाही आणि कारण कुणालाच सापडत नाही.

९. फाइली हलवणं

कॉपी करा, कट नको. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये फाइलींची संख्या आणि आकार ताडून बघा. चार-पाच फाइली मधूनमधून उघडूनही बघा. जुन्या डिस्कवरचं निदान महिनाभर काही पुसू नका.

नंतर मार्कर घ्या आणि डिस्कच्या अंगावरच लिहा: आत काय आहे, कोणत्या महिन्यात फॉरमॅट केली, कोणत्या नावानं दिसते. दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा, आणि ते घर नदीपासून लांब असेल तर उत्तम. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना इशारा पातळीला येतं आणि ४३ ला धोक्याच्या. माझी दुसरी प्रत राजारामपुरीत मावशीकडं असते. पाणी ३९ ला आलं की घरातली डिस्क मी कपाटातून काढून दप्तरात ठेवते.